घरात बीपी निघालं की मीठ कसं कमी करायचं

दवाखान्यातून बाहेर पडताना हातात गोळ्यांची चिठ्ठी असते आणि कानात एक वाक्य: "मीठ कमी करा हं." किती कमी, कशातलं कमी, कोणी करायचं, हे विचारायचं राहून जातं, कारण बाहेर पुढचे पेशंट ताटकळत असतात. मग घरोघरी एकच प्रकार होतो. दुसऱ्या दिवशी एक वेगळं पातेलं चढतं. त्यात अळणी आमटी, शेजारी अळणी भाजी, आणि ज्याला बीपी निघालंय तो माणूस सगळ्यांच्या देखत ते कसंबसं गिळतो. हे आठवडाभर चालतं, फार तर दोन आठवडे. मग कुणाचं लक्ष नाहीसं बघून लोणच्याची बरणी फळीवरून खाली येते.

हा लेख स्वयंपाक करणाऱ्यासाठी आणि किराणा भरणाऱ्यासाठी आहे. पेशंटनेही वाचावा, पण पथ्य टिकतं की मोडतं ते बरंचसं ओट्यापाशी ठरतं. माझं मत आधीच सांगून टाकते: वेगळं पातेलं लावू नका. सगळ्या घराचंच मीठ उतरवा, आणि कुणाच्या जिभेला पत्ता लागणार नाही इतक्या सावकाश उतरवा.

पहिलं काम: पुडीवर तारीख

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं. म्हणजे सपाट भरलेला चहाचा एक चमचा, तोही पूर्ण नाही. यात २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे मिठातला बीपी वाढवणारा घटक, येतं. हा आकडा लक्षात ठेवा, पाकिटं वाचताना लागेल. भारतात बहुतेकांचं मीठ याच्या दीडपट-दुपटीच्या घरात असतं.

तुमच्या घराचं किती आहे? ते काढायला कुठली तपासणी नको. मिठाची नवी पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख घाला आणि ती किती दिवसांत संपते ते बघा. घरात चार जेवणारी माणसं आहेत आणि एक किलोची पुडी महिन्यात संपली, तर दिवसाला साधारण ३३ ग्रॅम झालं, म्हणजे माणशी आठ ग्रॅमच्या वर. यात बाहेरचा वडापाव, फरसाण, बिस्किटं धरलेली नाहीत. त्या वरच्या मिठासाठी माणशी एक ग्रॅम सोडलं तर स्वयंपाकघराच्या वाट्याला माणशी चारच ग्रॅम येतात. हिशेब सोपा: चार माणसांच्या घरात एक किलोची पुडी दोन महिने पुरली पाहिजे.

लोणची-पापड घालायचं मीठ या हिशेबात धरू नका, त्यासाठी वेगळी पुडी आणा. आणि पहिल्या फेरीत काहीही बदलू नका, नुसतं मोजा. महिनाभर थांबायचा धीर नसेल तर मिठाचा डबा आज वजनकाट्यावर ठेवा, सात दिवसांनी परत ठेवा, फरक सातने भागा.

दुसरं काम: दिवसाची डबी

मोठा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवा. त्याऐवजी एक छोटी डबी घ्या आणि सकाळी दिवसभराचं मीठ तिच्यात काढून ठेवा. नाश्ता, दोन्ही वेळचा स्वयंपाक, कोशिंबीर, ताक, सगळं त्याच डबीतून. रात्री डबी रिकामी झाली तर झाली, मोठा डबा उघडायचा नाही.

सुरुवातीला डबीत तेवढंच मीठ घ्या जेवढं आत्ता लागतं. घर ३३ ग्रॅमवर असेल तर ३३. मग दर आठवड्याला अर्धा चमचा, म्हणजे अंदाजे तीन ग्रॅम, कमी करत जा. दीड महिन्यात तुम्ही १६ ग्रॅमच्या आसपास येता, म्हणजे सपाट तीन चमच्यांना थोडं कमी. एकदम निम्मं केलं तर पहिल्याच जेवणात बोंब होईल. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि ती एकदा झाली की पूर्वीचंच जेवण खारट लागायला लागतं.

स्वयंपाकाला मावशी येत असतील तर ही डबी त्यांच्यासाठीच आहे असं समजा. त्यांचा हात वर्षानुवर्षं अंदाजाने चालतो, आणि "मावशी, जरा कमी घाला" या सांगण्याने तो बदलत नाही. "मावशी, आज एवढंच आहे" याने बदलतो.

तिसरं काम: जिथे कळत नाही तिथून सुरुवात

सगळ्या पदार्थांतून सारखं मीठ काढायची गरज नसते. काही ठिकाणी ते घातलं काय नि न घातलं काय, चवीत फरक पडत नाही. कणीक त्यातली पहिली. चार माणसांच्या पोळ्यांच्या कणकेत अर्धा ते एक चमचा मीठ सहज जातं. पोळी आपण नुसती खात नाही, भाजी-आमटीला लावून खातो, त्यामुळे तिच्यातलं मीठ गेलेलं दोन दिवसांनंतर कुणाच्या ध्यानातही राहत नाही. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत पुष्कळ घरी आजही मीठ घालत नाहीत आणि कुणाचं अडत नाही. भाताचंही तेच. कणीक आणि भात या दोघांतलं मीठ थांबवलं की पहिल्या आठवड्याची अर्ध्या चमच्याची कपात तिथेच निघते.

मग येतात आमटी आणि भाजी. इथे मीठ लागतंच, फक्त घालायची वेळ बदला. सुक्या भाजीत मीठ सुरुवातीला टाकलं तर ते आत मुरतं आणि जिभेला कमी कळतं. गॅस बंद करायच्या बेतात घातलं तर ते फोडींच्या वर राहतं, आणि कमी असूनही भाजी चांगली लागते. पालेभाजीत मीठ घालायचं ते ती शिजून आळल्यावर. कढईभर कच्च्या मेथीकडे बघून टाकलेलं मीठ वाटीभर शिजलेल्या मेथीला नेहमी जास्तच होतं.

चौथं काम, आणि सगळ्यात अवघड: ताटाची डावी बाजू

आपल्याकडे पान वाढतात ते मिठापासून. वरच्या टोकाला चिमूटभर मीठ, शेजारी लिंबाची फोड, मग डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड. उजवीकडे भाज्या आणि आमटी. बीपीच्या माणसाच्या ताटाकडे या नजरेने बघा. उजव्या बाजूचं मीठ तुम्ही डबीने आवरलंत. डावी बाजू अजून मोकाट आहे, आणि ती चमच्या-चमच्याने वाढली जाते म्हणून हिशेबात येत नाही.

पानातलं ते चिमूटभर मीठ पहिलं बंद करा. लिंबू राहू द्या, उलट दोन फोडी वाढा. टेबलावर मीठदाणी असेल तर ती मिठाच्या मोठ्या डब्याशेजारी वर जाऊ दे. समोर नसलेली वस्तू मागायला तोंड उघडावं लागतं, आणि निम्म्या वेळा माणूस तो कंटाळा करतो.

कोशिंबीर अगदी वाढायच्या क्षणी कालवा. आधी मीठ घालून ठेवलेल्या काकडीला पाणी सुटतं, मीठ त्या पाण्यात उतरतं, मग चव लागत नाही म्हणून आणखी घातलं जातं. दाण्याचं कूट, मिरची-जिऱ्याची फोडणी, लिंबू आणि चिमूटभर साखर असेल तर काकडीच्या कोशिंबिरीला चार जणांत पाव चमचा मीठ पुरतं. गाजराला आणि बिटाला त्याहूनही कमी, ती मुळात गोड असतात.

कोरड्या चटण्यांबद्दल मी आशावादी आहे. कारळे, जवस, तीळ, शेंगदाणे हे खमंग भाजले की त्यांची स्वतःची चव एवढी दणकट असते की नेहमीच्या निम्म्या मिठात चटणी उत्तम होते. लसूण तेलावर नीट तांबूस होऊ द्या. मिरचीचा ठेचाही तव्यावर लसणीसकट चांगला भाजून, वरून लिंबू पिळून करता येतो. मात्र खलबत्त्यात मूठभर मीठ टाकून ठेचायची सवय मोडावी लागेल.

लोणच्याचं तसं नाही. कैरीच्या लोणच्यात मीठ चवीपुरतं नसतं, ते टिकण्यासाठी असतं. "यंदा कमी मिठाचं लोणचं घालू" म्हणून मीठ निम्मं केलंत तर पावसाळ्यात बरणीवर बुरशी दिसेल. म्हणून वर्षाचं लोणचं जसं घालता तसंच घाला, पण त्या माणसाच्या पानात ते रोज वाढू नका. रविवारी एक छोटी फोड, खार झटकून. रोजच्यासाठी आठवडाभर पुरेल एवढं ताजं लोणचं करा: कैरी, गाजर किंवा आवळा बारीक चिरून, मोहरीची डाळ, हळद, तिखट, हिंगाची फोडणी, भरपूर लिंबू, नावापुरतं मीठ. आणि ते फ्रीजमध्येच ठेवा.

पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, आणि तोही सोडियमच. उडदाच्या एका पापडात दीडशे-दोनशे मिलिग्रॅम सोडियम धरायला हरकत नाही. कुरडया, सांडगे, ताकातल्या भरल्या मिरच्या याच गोत्रातल्या. मिरची तळून दहीभातावर चुरडली की काय बहार येते ते मला माहीत आहे. पण मग त्या दिवशी भातात आणि दह्यात मिठाचा कण नको, मिरचीच पुरे.

कोकणातल्या घरांसाठी एक गोष्ट. नुसत्या उन्हात वाळवलेले बोंबील आणि मिठात घालून वाळवलेला खारा बांगडा यांना एकाच मापाने मोजू नका. पहिला प्रकार चालून जातो. दुसरा पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, परत धुतला तरी बऱ्यापैकी खारटच राहतो. तो खायचाच असेल तर त्या जेवणात दुसरं काही खारट नको.

मिठाची जागा कशाने भरायची

आंबटपणाने. मीठ कमी झाल्याची चुटपुट सगळ्यात लवकर आंबट भागवतं. आमटीत चार आमसुलं जास्त, भाजीवर लिंबू, मटकीच्या उसळीत टोमॅटो, वरणात चिंच. त्याखालोखाल फोडणी: कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत थांबा, हिंग सढळ हाताने, लसूण ठेचून. मिरे, आलं, ओवा, घरचा गोडा मसाला या सगळ्यांत सोडियम नगण्य असतं. ताकात मीठ न घालता जिरेपूड, किसलेलं आलं आणि कोथिंबीर घालून बघा. पहिले चार दिवस ते बिनमिठाचं ताक लागेल, नंतर नुसतं ताक.

विकतच्या मसाल्यांच्या पाकिटावर घटक वाचा. चाट मसाल्यात तर मीठ असतंच, पण पावभाजीच्या किंवा इतर तयार मसाल्यांतही ते असू शकतं. त्या मसाल्याच्या पदार्थात वरून मीठ घालायच्या आधी चव बघा.

सोडा विसरू नका. खाण्याच्या सोड्याच्या चमचाभरात हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं, आणि त्याची चव खारट नसल्यामुळे कुणाला शंका येत नाही. ढोकळा, भजी, छोले लवकर शिजावेत म्हणून टाकलेली चिमूट, सगळं धरा. ॲसिडिटीवर पाण्यात फसफसवून घ्यायची ५ ग्रॅमची पुडी म्हणजे आठशेच्या आसपास मिलिग्रॅम सोडियम, दिवसाच्या कोट्याच्या चाळीस टक्के. पोट जळजळतं म्हणून रोज ती घेणारी बीपीची माणसं मी पाहिली आहेत, आणि घरात मात्र भाजीतल्या मिठावरून वाद.

पाकीट उलटं करून वाचणं

पाकिटाच्या मागच्या तक्त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, बहुधा १०० ग्रॅममागे. माझा ढोबळ नियम असा: १०० ग्रॅममागे १२० पर्यंत असेल तर बिनधास्त, ६०० च्या वर असेल तर परत फळीवर, मधलं असेल तर किती खाणार आहात त्यावर. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. इन्स्टंट नूडल्सचं एक पाकीट मसाल्यासकट साधारण तिथवर जातं.

फरसाण, शेव, खारे दाणे खारट लागतात म्हणून निदान ओळखू तरी येतात. फसवणारे आहेत पाव, टोस्ट, खारी, बिस्किटं, सॉस आणि तयार सूप. मिसळ खायची तर फरसाण वेगळं मागा आणि निम्मं घाला, रस्सा वाटीभर पुरे, पाव एक. वडापावबरोबरची तळून मीठ भुरभुरलेली मिरची तेवढी बाजूला ठेवा. दिवाळीचा फराळ घरी करत असाल तर चकली-शेवेचं मीठ तुमच्या हातात आहे. चिवड्यात मीठ कमी आणि भाजलेले दाणे, खोबरं, कढीपत्ता जास्त असं केलं तर पाहुणेही काही बोलत नाहीत.

सैंधव, गुलाबी मीठ आणि "लो सोडियम" मीठ

सैंधव, गुलाबी हिमालयीन, खडे मीठ, समुद्री मीठ: सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बीपीच्या हिशेबात त्यांना सूट नाही. काळं मीठ, म्हणजे पादेलोण, त्याच रांगेत. उपासाच्या साबुदाणा खिचडीत सैंधव घातलं म्हणून दोन चमचे चालतं असं होत नाही. शिवाय यातल्या बऱ्याच मिठांत आयोडीन घातलेलं नसतं. रोजच्यासाठी आयोडीनयुक्त साधं मीठच ठेवा, कमी वापरा.

कमी सोडियमच्या मिठाची गोष्ट वेगळी आहे. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमधल्या सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये तो छापून आला. साध्या मिठाऐवजी पंचवीस टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण चौदा टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे वस्तू कामाची आहे.

पण दुकानातून परस्पर आणू नका. ज्यांची किडनी अधू आहे त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बीपीच्या काही नेहमीच्या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात: टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनॅलाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन. यातली एखादी चालू असेल, मधुमेह जुना असेल किंवा किडनीचा त्रास असेल, तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीये ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून डॉक्टरांना विचारायचं, मगच ते मीठ घरात आणायचं. विचारेपर्यंत साधं मीठ कमी करणं चालू ठेवा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

माणसाचं काय करायचं

बीपी दुखत नाही, ही खरी अडचण. "मला तर काही होत नाहीये" असं बाबा म्हणतात तेव्हा ते खरंच सांगत असतात. म्हणून भीती घालून फार दिवस निभत नाही. जेवताना तर मिठाचा विषयच काढू नका. असे संवाद घरोघरी चालतात:

"आज मीठ विसरलीस का गं?"

"विसरले नाही, तुमच्यासाठीच कमी घातलंय. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते—"

"कळलं, कळलं. लोणचं आण."

पहिल्या प्रश्नाला "लिंबू पिळू का?" एवढंच उत्तर दिलं असतं तर तिसरं वाक्य कदाचित आलंच नसतं.

दुसरं म्हणजे, आवडीचं एक ठेवा. बसून त्यांना विचारा: लोणचं, पापड, फरसाण, खारे दाणे, रविवारची मिसळ, यातलं कुठलं सोडणं जिवावर येईल? ते आठवड्यातून एकदा नक्की, न बोलता, न टोमणा मारता. बाकीची त्यांनी स्वतःच सोडायची. लग्नकार्यात पंगतीत बसले तर तिथे हात धरू नका. एका जेवणाने काही कोसळत नाही. दुसऱ्या दिवशीची डबी नेहमीचीच भरा, भरपाई म्हणून अळणी जेवण नको.

सगळ्यात उपयोगी पडतं ते बीपीचं घरचं मशीन. दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकलेला, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही, बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. वही त्यांनाच लिहू द्या.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा होता की दिवसाचं साधारण साडेचार ग्रॅम मीठ कमी केलं की बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी पाच अंकांनी उतरतो. १५० चे १२० होणार नाहीत. कुणाचे जास्त उतरतात, कुणाचे कमी. वहीत आकडे छान दिसायला लागले तरी गोळी आपल्या मनाने बंद किंवा अर्धी करायची नाही; वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. मीठ उतरूनही आकडे हलले नाहीत तर गुडघेदुखीसाठी रोज घेतली जाणारी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन तर कारण नाही ना, तेही तिथे विचारा. या गोळ्या बीपी वाढवतात.

आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत अति करू नका. पाणी काढणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या सत्तरीच्या पुढच्या माणसाला मीठ पूर्ण तोडलं, वर उन्हाळा किंवा जुलाब-उलट्या, तर रक्तातलं सोडियम खाली घसरू शकतं. खूप थकवा, मळमळ, तोल जाणं, असंबद्ध बोलणं, दिवसभर झोपून राहणं दिसलं तर "पथ्यामुळे अशक्तपणा आलाय" म्हणून थांबू नका, आणि घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून मोकळेही होऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, आणि सोडियम तपासायला सांगा.